लाल दिवा विझला तरी थांबा

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली आणि माझा फोन वाजायला लागला. "काका, भाच्याला लोडरचं काम मिळतंय, घेऊ दे का?" "दादा, मुलगी रॅम्पवर लागतेय, धोक्याचं नाही ना?" पनवेल, उलवे, उरण, पार पेणपासून माणसं विचारतात, कारण मी मुंबईत सहार विमानतळाच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारात, सव्वीस वर्षं काढली. लोडर म्हणून लागलो, सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. मोपाला, लोहगावला, कोल्हापूरला, चिपीला जी मुलं लागली आहेत त्यांच्या घरीही हेच प्रश्न असणार. एकेकाला फोनवर सांगून पुरत नाही, म्हणून लिहितोय.

नोकरी घ्या. काम कष्टाचं आहे, पण शिकण्यासारखं आहे आणि त्यातून पुढे वाटाही निघतात. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात पक्की ठेवा. 16 जुलै 2024 ला कलिन्याला विमानतळावरच्या अशाच कामांसाठी मुलाखती होत्या, तेव्हा जागांच्या कितीतरी पट मुलं जमली आणि चेंगराचेंगरी होता होता टळली. एवढ्या गर्दीतून ज्याला जागा मिळते, त्याला नोकरी जाण्याची भीती फार असते. सुपरवायझर ओरडला की तो पळतो. समोर धोका दिसत असला तरी "थांबा" म्हणायला त्याची जीभ उचलत नाही. माझ्या पाहण्यातले बहुतेक अपघात या भीतीतून आणि तिच्यातून येणाऱ्या घाईतून झाले.

आता त्या दिव्याबद्दल. विमानाच्या पोटाखाली आणि पाठीवर एकेक लाल दिवा लुकलुकत असतो. बीकन म्हणतात त्याला. तो चालू आहे याचा अर्थ इंजिन चालू आहे किंवा आता चालू होणार आहे. विमान बे वर येऊन थांबलं, तरी तो दिवा विझेपर्यंत कुणीही पुढे जायचं नसतं. हे प्रशिक्षणात सगळ्यांना सांगतात आणि परीक्षेत सगळे बरोबर लिहितात. खाली प्रत्यक्ष काय होतं? विमान थांबलेलं दिसतं, बेल्ट लोडर तयार असतो, ट्रॉल्या रांगेत लागलेल्या असतात, आणि पावलं आपोआप पुढे पडतात. दिवा विझल्यावरही इंजिनचा पंखा लगेच थांबत नाही, चांगला मिनिटभर फिरत राहतो. म्हणून पंख्याच्या मधोमध बघा. तिथे एक पांढरा फराटा रंगवलेला असतो, जिलेबीच्या वेढ्यासारखा. तो तुमच्यासाठीच काढलेला आहे. फराटा गरगरताना दिसला तर पंखा फिरतोय. स्वच्छ, स्थिर दिसला तरच पुढे व्हा.

ए-320 सारख्या विमानाचं इंजिन नुसतं मंद चालू असलं तरी समोरच्या चार-पाच मीटरमध्ये माणसानं असता कामा नये. जोर वाढला की हे अंतरही वाढतं. ती ओढ आधी जाणवत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. वारा अंगावर आला तर माणूस सावध होतो. इथे वारा पाठीमागून येतो, म्हणजे तुम्हाला इंजिनाकडे ढकलणारा, आणि आजूबाजूला आधीच इतका आवाज असतो की एक इंजिन चालू आहे का दोन हे कानाला कळत नाही. मागच्या बाजूचा झोत वेगळा. विमान जागचं हलायला जोर लावतं तेव्हा पन्नास मीटरवरची रिकामी ट्रॉलीसुद्धा त्यात उलटू शकते.

31 डिसेंबर 2022 ला अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरी विमानतळावर काय झालं ते प्रत्येक नव्या मुलाला सांगायला हवं. त्या विमानाचं एपीयू, म्हणजे शेपटीतलं वीज देणारं छोटं इंजिन, बंद पडलेलं होतं. त्यामुळे जमिनीवरून वीज जोडेपर्यंत मुख्य इंजिनं चालूच राहणार होती. खालच्या लोकांना विमान यायच्या आधी हे सांगितलं होतं, पुन्हा एकदा आठवणही करून दिली होती. लाल दिवा चालू होता. एक कामगार बाई शंकू ठेवायच्या कामात शेपटीकडे होत्या. त्यांचा एक सहकारी मागच्या झोतानं पडता पडता वाचला आणि त्यानं हातानं खुणावलं, लांब राहा. पण त्या पंखाच्या पुढच्या कडेनं चालत आल्या, थेट इंजिनासमोरून. पुढचं लिहवत नाही. म्हणजे ब्रीफिंग झालं होतं, दिवा होता, इशाराही होता, आणि तरी जीव गेला. तिकडच्या कामगार खात्यानं कंपनीला जो दंड लावला तो 15,625 डॉलरचा होता. या आकड्यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच विचार करा.

आपल्याकडे मुंबईतही हे घडलंय. 16 डिसेंबर 2015 ला हैदराबादला निघालेल्या विमानाचा पुशबॅक, म्हणजे टग गाडीनं विमान मागे ढकलायचं काम, संपलं होतं. खालची माणसं अजून बाजूला व्हायची होती, तेवढ्यात विमान चालू लागलं आणि हेडसेट लावलेला तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या पोरांपैकी कुणी पुशबॅकला जायला स्वतःहून तयार होईना. मग हळूहळू सगळं पूर्वीसारखं झालं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

म्हणून पुशबॅकला जाणाऱ्यांनो, क्रम मोडू नका. टो-बार काढला, पुढच्या चाकाची पिन काढली, हेडसेटची वायर काढली, टग लांब गेला, मग पायलटला दिसेल अशा जागी उभं राहून पिन उंच धरून दाखवायची, अंगठा वर करायचा आणि त्याच्या हाताचं उत्तर बघायचं. उत्तर आलं नाही तर उभं राहायचं. विमानाकडे पाठ करायची नाही. बाजूला होताना इंजिनाच्या अंगानं जवळचा रस्ता घ्यायचा नाही, लांबचा वळसा घ्यायचा. त्या वळशाला जादा वीस पावलं लागतात. मी मोजली आहेत.

छोट्या विमानतळांवर पंख्याची विमानं येतात, एटीआर वगैरे. त्यांचा धोका वेगळा आहे. पंखा जोरात फिरायला लागला की डोळ्याला दिसेनासा होतो, रात्री तर अजिबातच. शिवाय एटीआर मध्ये उजवं इंजिन चालू ठेवून पंखा ब्रेकनं धरून ठेवायची सोय असते. पंखा स्थिर आहे आणि इंजिन चालू आहे, असं दृश्य नव्या मुलाला फसवतं. अशा विमानात पंख्याच्या पट्ट्यात, पुढून किंवा मागून, पाय टाकायचाच नाही. थांबलेला असो की फिरणारा.

टोपीचीही एक आठवण आहे. मे महिन्यातली दुपार होती. आमच्यातला एक नवा मुलगा डोक्यावर साधी कापडी टोपी घालून आला होता, उन्हासाठी. शेजारच्या बे वर विमान सुरू होत होतं. टोपी उडाली आणि तो तिच्यामागे धावला, अगदी अंगणात धावावं तसा. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या जुन्या लोडरनं त्याचं जॅकेट मागून धरलं आणि दोघेही खाली आपटले. टोपी गेली. त्या मुलाचा गुडघा फुटला होता आणि तो वारंवार विचारत होता, "पण ती टोपी माझ्या भावाची होती हो." पंचवीस वर्षं होत आली या गोष्टीला. तेव्हापासून मी गळ्यातला पास शर्टात खोचायला लावायचो, ओढणी बांधायला लावायचो, आणि सुटी टोपी दिसली की काढून घ्यायचो. काहीही उडालं तर उडू द्या. विमानाचं इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं.

आता जरा सुपरवायझर मंडळींशी बोलतो, कारण मी त्यांच्यातलाच.

विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत अर्धा-पाऊण तास मिळतो. त्यात माणसं उतरणार, सामान उतरणार, साफसफाई, इंधन, पाणी, जेवण, पुन्हा सामान, पुन्हा माणसं. उशीर झाला की त्याला एक कोड लागतो, आणि तो डिले कुणाच्या नावावर टाकायचा यावरून संध्याकाळी वाद होतो. हा वाद टाळायचा म्हणून आम्ही खाली ओरडतो. मीही ओरडलोय. चोक, म्हणजे चाकांचे अडसर, लागायच्या आत बेल्ट लोडर पुढे घ्यायला सांगितलाय. दोन माणसांचं काम एकाकडून करून घेतलंय, कारण दुसरा आलाच नव्हता. त्या वेळी काही झालं नाही, म्हणून ते चालून गेलं असं मी समजत होतो. आता कळतं की रोज थोडं थोडं चालून गेलं, म्हणूनच पोरांना तीच पद्धत वाटायला लागली.

एक प्रसंग मनातून जात नाही. दोन डॉली जोडताना एका लोडरचं बोट हुकात सापडलं. टगवाल्यानं नीट न बघता मागे घेतलं होतं. बोटाचं पेर गेलं. कंत्राटदाराच्या माणसानं त्याला बाहेरच्या दवाखान्यात नेलं आणि सांगितलं, मोटरसायकलच्या चेनमध्ये अडकलं म्हण, नाहीतर चौकशी लागेल, सगळ्यांचेच पास जातील. त्यानं तसं सांगितलं. मी तिथे होतो आणि गप्प बसलो. पुढे त्याला त्या बोटाचा एक पैसाही मिळाला नाही, कारण कागदावर तो अपघात विमानतळावर झालाच नव्हता.

म्हणून सांगतो, अपघात झाला तर त्याच शिफ्टमध्ये लिहून घ्या. लहान असला तरी. दवाखान्यात खरं सांगा. शेजारी कोण होतं त्यांची नावं टिपून ठेवा. आणि सुपरवायझर भाऊ-बहिणींनो, तुमच्या हाताखालचा मुलगा "थांबा" म्हणाला, तर आधी थांबा आणि मग विचारा. तो चुकला असला तरी त्याला रागावू नका. एकदा रागावलात की पुढच्या वेळी तो बोलणार नाही, आणि त्याचं पाहून बाकीचेही बोलायचे नाहीत.

मेंटेनन्सच्या मुलांचं दुखणं निराळं. त्यांचं बरंचसं काम रात्रीचं, विमान उभं असताना. जुलै 2019 मध्ये कोलकात्याला मध्यरात्र उलटल्यावर एक विशीतला तंत्रज्ञ विमानाच्या मुख्य चाकाच्या खोबणीत काम करत होता. हायड्रॉलिकवर चालणारी दारं अचानक मिटली आणि तो त्यात अडकून गेला. अशा ठिकाणी वेगानं बाजूला होऊन जीव वाचत नाही, तेवढा वेळच मिळत नाही. आधी केलेली तयारी तेवढी कामाला येते. दाराला सेफ्टी पिन किंवा लॉक लावलंय का? प्रेशर उतरवलंय का? सर्किट ब्रेकर ओढून त्यावर लाल टॅग अडकवलाय का? कॉकपिटमध्ये कोण बसलंय आणि खाली माणूस आहे हे त्याला ठाऊक आहे का? हे चारही प्रश्न तोंडानं विचारा, समोरच्याकडून तोंडानं उत्तर घ्या, आणि पिन स्वतःच्या हातानं चाचपून बघा. "लावलीय रे" एवढ्यावर आत डोकं घालू नका. सांगणारा खोटं बोलत नसतो, पण तो कधीकधी कालच्या विमानाबद्दल सांगत असतो.

स्कायड्रॉल, म्हणजे विमानाचं हायड्रॉलिक तेल, डोळ्यात गेलं तर चोळू नका. पंधरा मिनिटं पाण्याखाली डोळा धरा आणि मग डॉक्टरकडे जा. इंधनाच्या टाकीत एकट्यानं उतरू नका. उघड्या दरवाज्याला लावलेला पट्टा तुम्हाला पेलणार नाही, तो फक्त सावध करायला असतो. ए-320 चा दरवाजा जमिनीपासून साधारण सव्वातीन-साडेतीन मीटर वर असतो, आणि खाली सिमेंट. शिडी मागे घेणाऱ्यानं दार बंद झाल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय शिडी हलवू नये.

इंजिन आणि चाकाचे अपघात पेपरात येतात. पाठ आणि कान जातात ते कुठेच येत नाही. माझ्याबरोबर लागलेल्या लोडरांपैकी पन्नाशीत सरळ उभा राहू शकणारा एखादाच निघेल. हिशेब करून बघा. एका विमानात 120 बॅगा धरा, प्रत्येकी 15 किलोच्या. झाले 1800 किलो. तेवढंच सामान पुन्हा चढवायचं, म्हणजे 3600. चार लोडर असले तर एकाच्या वाट्याला 900 किलो. शिफ्टमध्ये पाच विमानं झाली तर साडेचार टन. आणि एकच बॅग दोन-तीन हातांतून जाते, ते यात धरलंच नाही. हे सगळं विमानाच्या पोटातल्या जेमतेम चार फूट उंचीच्या होल्डमध्ये, गुडघ्यावर बसून किंवा वाकून, आणि उन्हाळ्यात आत भट्टी झालेली असते. बॅग उचलताना कंबरेतून वळू नका, गुडघे टेकून आख्खं अंग फिरवा. बॅग फेकू नका, सरकवा. होल्डमधला माणूस दर विमानाला बदला. गुडघ्याचे पॅड मागून घ्या, आणि मिळेपर्यंत मागत राहा.

प्रवाशांनो, इथे तुमचा थेट हात आहे. विमान कंपन्या एका बॅगेला जास्तीत जास्त 32 किलोची मर्यादा ठेवतात, ती या माणसांच्या पाठीसाठी. अमेरिकेतल्या मुलीकडे निघताना एकाच पेटीत लोणचं, पीठं, पुस्तकं कोंबू नका. दोन बॅगा करा. जड असेल तर काउंटरवर सांगून "हेवी" चा टॅग लावून घ्या, म्हणजे ती दोघांनी उचलायची आहे हे समजून खालचा माणूस हात घालतो. आणि वीस मिनिटं उशीर झाला म्हणून गेटवरच्या मुलीवर आवाज चढवू नका. तो आवाज तिथे थांबत नाही. तिथून वरच्या साहेबाकडे जातो, तिथून ड्यूटी ऑफिसरकडे, मग सुपरवायझरकडे, आणि शेवटी बेल्ट लोडरवर उभ्या असलेल्या पोराच्या कानात पडतो.

कानाचं म्हणाल तर माझा उजवा कान गेलाय. हेडसेटचा एक कप मी कायम वर सरकवून ठेवायचो, माणसांचं बोलणं ऐकू यावं म्हणून. आधी रात्री झोपताना बारीक शिट्टी वाजायची. मग घरचे म्हणायला लागले, टीव्ही किती मोठा लावता. तपासायला गेलो तेव्हा उशीर झाला होता. आपल्याकडे कारखान्यांसाठी जुना नियम आहे: 90 डेसिबलमध्ये आठ तास, 95 मध्ये चार, 100 मध्ये दोन, 115 मध्ये पाव तास. चालू एपीयूशेजारी, किंवा जीपीयूशेजारी, म्हणजे जमिनीवरून वीज देणाऱ्या यंत्राशेजारी, 90 सहज ओलांडतात, आणि इंजिन सुरू झालं की विचारूच नका. फोमचा प्लग नुसता कानात कोंबून उपयोग नाही. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. कानात शिट्टी वाजायला लागली तर सहा महिने वाट बघू नका. आवाजानं गेलेला कान हा कायद्यानं कामामुळे झालेला आजार मानला जातो, त्याची भरपाई मागता येते. पण नोकरीला लागतानाची कानाची तपासणी आपल्याजवळ असली पाहिजे. ती करून घ्या आणि कागद घरी ठेवा.

डिझेलच्या धुराचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2012 मध्ये डिझेलचा धूर कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातला. टग, जीपीयू उगाच चालू ठेवून त्याच्या आडोशाला डबा खात बसू नका.

उन्हाबद्दल मुलींना खास सांगायचं आहे. एप्रनवरून शौचालय लांब असतं, म्हणून बऱ्याच मुली शिफ्टभर पाणीच पीत नाहीत. मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते, आणि हे सांगायला सुपरवायझर पुरुष. शौचालय आणि तिथे जायची सुटी मागणं हे लाड नाहीत. मागा, सगळ्या मिळून लेखी मागा.

पावसाळ्यात विजेचं भान ठेवा. हेडसेटच्या वायरनं तुम्ही विमानाला जोडलेले असता, आणि वीज विमानावर पडली तर ती वायर तिला वाट देते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेनं केलेलं दामिनी हे ॲप फुकट आहे, आसपासच्या विजांचा इशारा देतं. ड्यूटीवर फोन बाळगायला बंदी असेल तर सुपरवायझरनं ते बघावं. वीज जवळ आल्याची सूचना आली की एप्रन सोडायचं. अर्धी राहिलेली ट्रॉली तशीच राहू द्या.

आणि झोप. डिसेंबर 2015 मध्ये कोलकाता विमानतळावर एक बस उभ्या विमानावर जाऊन आदळली. ड्रायव्हरला डुलकी लागली असं तेव्हा सांगितलं गेलं. नालासोपाऱ्याहून, अंबरनाथहून येणारा मुलगा पहाटेच्या शिफ्टसाठी किती वाजता उठतो आणि डबल ड्यूटी करून किती वाजता घरी पोचतो, हे त्याच्या आईला विचारा. ओटीचे पैसे कुणाला नको असतात? पण सलग दुसरी शिफ्ट करून टगवर बसू नका. घरच्यांनीही त्या दिवशी त्याला बाजारहाटाला पिटाळू नये, झोपू द्यावं.

आता हक्कांचं थोडक्यात. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार नेमणूकपत्र मिळालं पाहिजे. सुरक्षेच्या वस्तूंचे पैसे तुमच्या पगारातून कापता येत नाहीत. जिवाला धोका आहे असं वाटलं तर मालकाला आणि निरीक्षकाला कळवायचा हक्क कामगाराला आहे, आणि तुमच्या संमतीशिवाय ओटी लादता येत नाही. विमानतळाची कामं केंद्राच्या अखत्यारीत येतात, म्हणून तक्रार केंद्राच्या श्रम आयुक्तांकडे करायची. एकट्यानं गेलात तर दबून जाल. युनियन असेल तर तिच्यामार्फत जा, नसेल तर दहा जणांनी सह्या करून जा.

पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, लागू होते. कामावर इजा झाली तर पहिल्या दिवसापासून तिचा लाभ मिळतो, किती दिवस नोकरी झाली हे बघत नाहीत. बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के पैसे मिळतात, आणि जीवच गेला तर घरच्यांना दर महिन्याला पैसे मिळतात. पण त्यासाठी तुमचं नाव तिथे नोंदलेलं असायला हवं, आणि कितीतरी मुलांना आपला विमा क्रमांक काय आहे हेच ठाऊक नसतं. कंत्राटदार बदलला तरी तो क्रमांक तोच राहतो. पगारातून पैसे कापले जातात म्हणजे भरले जातातच असं धरून चालू नका, ईएसआयच्या कार्यालयात जाऊन खात्री करा.

तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा. घरात विमानतळावर कामाला जाणारं कुणी असेल तर त्याला विमा क्रमांक विचारा, तो एका कागदावर लिहून घ्या, त्याच्या शिफ्टच्या सुपरवायझरचा आणि बरोबरच्या दोन मित्रांचा फोन नंबर खाली लिहा, आणि तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.